आज्ञा आधी की कृपा आधी : नीतिमत्त्वाचा वाद आणि मुलांचा धर्मपाठ

कतीफहून तारूत बेटाकडे जाणारा रस्ता उथळ समुद्रात भराव घालून नेलेला आहे. ओहोटीच्या वेळी त्याच्या दोन्ही अंगांना काळपट चिखल, तिवरांची झुडपे आणि एका पायावर तिष्ठत उभे असलेले पाणपक्षी दिसतात, आणि बेटाच्या दक्षिण टोकाशी गेले म्हणजे दारीन नावाचे जुने गाव लागते. हिंदुस्थानातून येणारी कस्तुरी एके काळी या बंदरात उतरत असे आणि तिच्यामुळे दारीनचे नाव अरबी काव्यात सुगंधाशी कायमचे जोडले गेले. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन तेथे पाण्याच्या कडेला बसलो होतो. सौदी अरेबियात आमच्या धर्माचे उपासनामंदिर नाही व सार्वजनिक उपासनेस मुभा नाही. त्यामुळे अहमदनगरकडच्या मंडळीत मी ज्या शब्बाथशाळेत वाढलो, तिचा संसार इथे घरातल्या जेवणाच्या टेबलावर मांडावा लागतो, आणि पाळक, पंतोजी व परीक्षक या तिन्ही भूमिका एकट्या बापाकडे येतात. आदल्या रात्री दहा आज्ञांचा पाठ झाला होता. सातवीपाशी ती अडखळली होती आणि मी काहीशा चढ्या आवाजात तिला पुन्हा पहिलीपासून म्हणावयास लावले होते. दारीनला शेंगदाणे सोलता सोलता ती एकदम म्हणाली, “पप्पा, देव फुकट क्षमा करतो असं तुम्हीच सांगता ना? मग आज्ञा पाठ नाही झाल्या तर काय होतं?”

मी तेव्हा काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हते हे तिला कळले आणि मलाही. पुढे अनेक रात्री ग्रंथ उलगडताना ध्यानात आले की, जो प्रश्न एका मुलीने शेंगदाण्याच्या टरफलांबरोबर माझ्या पुढ्यात टाकला, त्याच प्रश्नावर सोळाव्या शतकात मार्टिन लूथरचे अगदी निकटचे सहकारी एकमेकांपासून तुटले, आणि हा भंग विद्वत्परिषदेत नव्हे, तर मुलांसाठी लिहिलेल्या पाठाच्या निमित्ताने प्रथम उघड झाला. नीतिमत्त्वाच्या सिद्धांताचे इतिहास पुष्कळ आहेत आणि धर्मशिक्षणाचेही पुष्कळ आहेत. परंतु हे दोन प्रवाह एकाच पात्रातून वाहत आले आहेत, ही गोष्ट त्या इतिहासांत बहुधा तळटीपेपुरती उरते. तो सांधा जुळवून पाहणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

आरंभ मात्र दारीनपासूनच करतो. इ. स. ६७६ मध्ये, म्हणजे इस्लामी राज्य येथे स्थिर होऊन काही दशके लोटल्यावर, पूर्वेकडील सुरियानी मंडळीचा कुलगुरू पहिला गीवर्गीस याने याच दारीन गावी धर्मसभा भरविली होती. तिने केलेल्या नियमांत विवाह, प्रेतसंस्कार अशा रोजच्या व्यवहारातील बाबी आहेत, आणि ते वाचताना अल्पसंख्य होऊ घातलेल्या एका समाजाची आपली घडी टिकविण्याची धडपड प्रत्येक कलमातून जाणवते. या अरबी किनारपट्टीला त्या काळी बेथ कत्राये म्हणत. त्याच प्रदेशात जन्मलेला इसहाक नावाचा तपस्वी याच गीवर्गीसच्या हातून निनवेचा बिशप झाला, अवघ्या पाच महिन्यांत ते पद सोडून डोंगरात निघून गेला, आणि अतिवाचनाने दृष्टी गमावल्यावरही शिष्यांना सांगत राहिला. दया व न्याय यांच्याविषयी त्याने जे लिहिले ते आजही वाचणाऱ्याला दचकविते. देवाला न्यायी म्हणण्याची घाई करू नये, कारण आपल्याशी तो ज्या रीतीने वागला आहे तीत न्यायाचा मागमूस लागत नाही, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. आणि पुराव्यादाखल तो द्राक्षमळ्यातल्या त्या मजुरांकडे बोट दाखवितो, ज्यांना तासभर राबूनही दिवसभर राबणाऱ्यांइतकीच मजुरी मिळाली. हा इसहाक लूथरच्या आधी साडेआठशे वर्षे होऊन गेला. त्याला लूथरचा पूर्वसूरी म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण त्याची भाषा एकांतवासी साधकाची आहे, न्यायालयातील आरोपीची नाही. तरी ज्या किनाऱ्यावर मुलीने मला तो प्रश्न विचारला, त्या किनाऱ्याला तो प्रश्न नवा नव्हता, याचा मला मोठा धीर वाटला.

लूथरची भाषा न्यायालयाची होती. मराठी ख्रिस्ती बोलीत ज्याला आपण ‘नीतिमान ठरणे’ म्हणतो, त्या शब्दप्रयोगातील ‘ठरणे’ हे क्रियापद फार नेमके आहे: आरोपी नीतिमान झालेला नसतो, न्यायासनावरून तो तसा ठरविला जातो, त्याच्या खात्यावर जमेस काही नसताना दुसऱ्याचे पुण्य त्याच्या नावे मांडले जाते आणि दावा निकालात निघतो. मनुष्याने करावयाचे ते एवढेच की त्या निवाड्यावर विश्वास ठेवावा. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील विश्वासकबुलीचे चौथे कलम हेच सांगते आणि लूथरपंथीयांनी त्या कलमास आपल्या मंडळीचा आधारस्तंभ मानले. सिद्धांत म्हणून तो निर्मळ आहे. अडचण उद्भवते ती सात-आठ वर्षांचे पोर समोर बसल्यावर. ज्याला अद्याप आपल्या अपराधाची जाणीवच नाही, त्याला निर्दोष सुटकेचा आनंद कसा कळावा? आणि सुटकेची द्वाही आधीच फिरविली, तर त्याला वळण लावावयाचे तरी कशाच्या जोरावर?

१५२७ मध्ये सॅक्सनीच्या राजाज्ञेने गावोगावच्या मंडळ्यांची तपासणी सुरू झाली आणि तिच्यासाठी लूथरचा सहकारी फिलिप मेलँख्थोन याने कलमे तयार केली. खेड्यांत त्याला दिसले ते असे की, क्षमेची सुवार्ता लोकांनी मोठ्या आनंदाने उचलली, पश्चात्ताप मात्र बाजूला ठेवला. म्हणून त्याने उपदेशकांना बजाविले की आधी नियमशास्त्र सांगा, भय उत्पन्न करा, मग क्षमा सांगा. यावर आक्षेप घेतला तो आइसलेबेनच्या योहान आग्रिकोला याने. हा लूथरचा गाववाला, त्याचा शिष्य व स्नेही. आणि विशेष म्हणजे तो पेशाने शाळामास्तर होता. त्याच सुमारास आइसलेबेनच्या मुलींच्या शाळेसाठी त्याने एकशे तीस प्रश्नांची एक प्रश्नोत्तरावली रचली होती. त्याचे म्हणणे असे होते की, खरा पश्चात्ताप आज्ञेच्या धाकाने जन्मत नाही. आपल्यावर किती प्रेम केले गेले हे कळल्यावरच आपण त्या प्रेमाचा अपमान केला ही टोचणी लागते, म्हणून सुवार्ता आधी. १५२७ च्या नोव्हेंबरात टोरगाव येथे दोघांची समोरासमोर गाठ घालून देण्यात आली आणि लूथरने शब्दांची तडजोड करून तूर्तास समेट घडविला.

हा समेट टिकला नाही. दहा वर्षांनी वाद पुन्हा भडकला, लूथरने आग्रिकोलाविरुद्ध एकामागून एक वादसभा घेतल्या, १५३९ मध्ये नियमशास्त्र नाकारणाऱ्यांविरुद्ध पुस्तिका काढली, आणि १५४० मध्ये आग्रिकोला बर्लिनच्या दरबारी आश्रयाला गेला. इतिहासाने त्याच्या कपाळी ‘नियमद्वेष्टा’ असा शिक्का मारला आहे, आणि त्याच्या उत्तरकालीन विधानांपुरता तो अन्यायाचा नाही. परंतु आइसलेबेनच्या त्या शाळेत बसलेल्या मुली डोळ्यांसमोर आणल्या की, शाळामास्तर या नात्याने त्याने एक खरी गोष्ट पाहिली होती असेच मला वाटते: धाकाने पाठ झालेली आज्ञा धाक उठला की ओठांवरून जाते. जेवणाच्या टेबलाशी चढलेला माझा स्वतःचा आवाज मी विसरलेलो नाही.

लूथरने या वादाला दिलेले खरे उत्तर वादसभांत नाही. ते १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरावलीत आहे. तपासणीच्या दौऱ्यात खेडुतांचे व खुद्द पाळकांचे अज्ञान पाहून तो इतका हादरला की हे पुस्तक त्याने घाईने हाती घेतले. त्यातले काही भाग तर आधी भिंतीवर टांगण्याच्या तक्त्यांच्या रूपाने निघाले, म्हणजे घरच्या कर्त्या माणसाने ते सकाळ-संध्याकाळ मुलांकडून व चाकरमाणसांकडून म्हणवून घ्यावेत. त्याचा थोरला मुलगा हान्स त्या वेळी तीन वर्षांचाही नव्हता. पुस्तकाचा क्रम पाहिला तर मेलँख्थोन जिंकला असे दिसते: प्रथम दहा आज्ञा, मग विश्वासांगीकार, मग प्रभूची प्रार्थना, पुढे बाप्तिस्मा व प्रभुभोजन. हा क्रम त्याने फार आधी वैद्याच्या दृष्टान्ताने समजावला होता. आज्ञा रोग दाखवितात, विश्वासांगीकार औषध कोठे आहे ते सांगतो आणि प्रार्थना ते मागून आणते. पण आतील मजकूर बारकाईने वाचला म्हणजे आग्रिकोलाही तेथे शिरलेला आढळतो. प्रत्येक आज्ञेचे स्पष्टीकरण देवाचे भय आणि देवावरील प्रेम या जोडशब्दांनीच उघडते, आणि बहुतेक ठिकाणी ‘करू नको’ यापाशी न थांबता शेजाऱ्यासाठी काय करावे हेही सांगते; चोरीच्या आज्ञेखाली शेजाऱ्याची मिळकत राखण्यास व वाढविण्यास हातभार लावण्याची गोष्ट येते. ज्या आज्ञेपाशी माझी मुलगी अडखळली तीच ही. लूथरच्या मोजणीत ती सातवी, आमच्या मंडळीच्या पाठात ती आठवी, पण लूथरच्या पुस्तकाच्या आधारे मी तिला त्या रात्री शिकवीत होतो. तिला मी फक्त निषेध म्हणावयास लावला, त्यामागचा हात तिला दाखविला नाही.

पुढच्या पिढीत वाद अधिक कडवे झाले आणि त्यांतही मुलांचे शिक्षक पुन्हा पुन्हा भेटतात. आंद्रेआस ओसिआंडर याने १५३३ मध्ये न्युरेंबर्गच्या मुलांसाठी प्रवचने तयार करण्यात मोठा वाटा उचलला होता. ती पुढे लॅटिनमार्गे इंग्लंडात पोचली आणि १५४८ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मरच्या नावाने इंग्रजीत निघाली. हाच ओसिआंडर १५५० नंतर क्योनिग्सबर्गमध्ये म्हणू लागला की, नीतिमत्त्व ही केवळ खातेवहीतील नोंद नव्हे, ख्रिस्त प्रत्यक्ष अंतरी वस्तीला येतो तेव्हाच मनुष्य नीतिमान ठरतो. आणि एरवी एकमेकांशी न पटणारे सारे पंडित त्याच्यावर एकवटून तुटून पडले. १५५२ मध्ये गेओर्ग मायोर याने सत्कृत्ये तारणास आवश्यक आहेत असे लिहिले, तर निकोलाउस फॉन आम्सडोर्फ याने १५५९ मध्ये त्याच्या विरुद्ध टोकाला जाऊन सत्कृत्ये तारणास घातक आहेत असे प्रतिपादन केले. लूथरपंथीयांच्या १५७७ च्या एकमतसूत्राने दोन्ही विधाने बाद ठरविली आणि सहाव्या कलमात हेही नमूद केले की, विश्वास ठेवणाऱ्यालाही जीवनाची दिशा म्हणून नियमशास्त्राचा उपयोग उरतोच. कागदावर तहनामा झाला.

वर्गात काय झाले, हा प्रश्न विसाव्या शतकात नव्याने उभा राहिला. १९७८ मध्ये गेराल्ड स्ट्राउस या अमेरिकन इतिहासकाराने जर्मन मंडळ्यांच्या तपासणीचे दप्तर चाळून असा निष्कर्ष काढला की दोन पिढ्यांच्या पाठांतरानंतरही सामान्य लोक आपल्या जुन्याच समजुतींना चिकटून होते आणि सुधारकांचा शैक्षणिक प्रयोग बहुतांशी फसला. जेम्स किटेल्सन याने स्ट्रासबुर्गकडच्या कागदपत्रांच्या आधारे त्याला उत्तर दिले. तपासनीस दोष शोधण्यासाठीच फिरत असतो व दोषच लिहितो, म्हणून त्याची कैफियत हीच साऱ्या समाजाची जबानी मानणे मला पटत नाही. पण स्ट्राउसचा एक चिमटा जागच्या जागी बसतो. कृपेचा संदेश परीक्षेच्या रूपाने दिला म्हणजे ऐकणारा परीक्षाच लक्षात ठेवतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस भक्तिवादी चळवळीने पाठांतराच्या जागी अंतःकरण आणले. याकोब श्पेनरने १६७५ मध्ये तिचा जाहीरनामा लिहिला, आउगुस्ट फ्रांके याने १६९५ मध्ये हाल्ले येथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिच्याभोवती अनाथालय, छापखाना, औषधालय असा मोठा कारखाना उभा राहिला. मुलांवर माया करणारी ही माणसे होती यात संशय नाही. परंतु फ्रांकेने स्वतःच्या आयुष्यात जे अंतर्युद्ध अनुभवले, तो अश्रूंचा व शंकेचा घाट प्रत्येकाने चढलाच पाहिजे अशी अपेक्षा त्या परंपरेत घर करून बसली. आणि ज्या पोराला रडू आले नाही, त्याचा विश्वास खरा की खोटा याची झडती सुरू झाली. कर्मे हिशेबातून काढून टाकली तर श्रद्धाच एक कर्म होऊन त्यांच्या जागी बसू शकते, हा धोका येथे प्रथम ढळढळीत दिसतो, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात मुलांवर सर्वात अधिक जुलूम झाला तो याच रूपाने.

तरीही याच हाल्लेतून निघालेला एक माणूस मराठी इतिहासात असा काही येऊन थांबला आहे की, त्याला टाळून हा आढावा पुरा होऊ शकत नाही. हाल्लेचा झीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि त्याने लागलीच शाळा काढल्या. त्याच मिशनात १७५० साली ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ आला. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात वावरता यावे म्हणून तो मराठी शिकला. १७८७ मध्ये तुळजाजीराजे मृत्युशय्येवर असता त्यांनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजींना या लूथरपंथी मिशनऱ्याच्या ओटीत घातले. त्यानंतर तंजावरची सत्ता हाती घेतलेल्या अमरसिंहाच्या कारभारात त्या मुलाचे जे हाल झाले त्यांविरुद्ध श्वार्ट्झ कंपनी सरकारकडे तगादा लावीत राहिला; १७९३ मध्ये मुलाला मद्रासेस हलविण्यात आले व तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

सरफोजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. ते आपल्या कुळधर्माने राहिले, बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी भोसले वंशाचा विस्तीर्ण मराठी शिलालेख कोरविला, आणि तंजावरच्या त्यांच्या देवनागरी छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोधमुक्तावली’ मुलांसाठी निघाले. मिशनच्या खतावणीत हा धर्मांतराचा आकडा कोठेच चढला नसेल. पण श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवराची शिला करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविली, तिच्यासाठी इंग्रजी पद्यपंक्ती स्वतः रचल्या, आणि त्या शिल्पात मरणाऱ्या गुरूच्या खाटेशी मराठ्यांचा तरुण राजा उभा आहे, शेजारी शाळेतील मुले आहेत. मी ती शिला पाहिली आहे. राजाने गुरूचा हात हातात घेतला आहे, आणि त्या दोन हातांत काही देणे-घेणे उरल्याचा भास होत नाही. ज्याने फुकट मिळालेल्या कृपेचा उपदेश जन्मभर केला, त्याने एका मुलाला काहीही परत न मागता वाढविले. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताचे याहून शुद्ध अध्यापन मराठी माणसाच्या वाट्याला क्वचित आले असेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न धगधगला तो पंडिता रमाबाईंच्या घरात. १८८३ च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी दोन वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगेचच त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. त्यांतील एक मोठा खटका मनोरमेला काय शिकवावे, याबद्दलचा होता. जे माझ्या स्वतःच्या सदसद्विवेकाला अजून पटलेले नाही ते माझ्या लेकराच्या तोंडी घालू देणार नाही, ही त्या आईची भूमिका होती; आणि आज्ञाधारकपणाला धर्मजीवनाचा पाया मानणाऱ्या संन्यासिनीस ती उद्धटपणाची वाटली. स्वतः रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले की, त्यांना ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त पुष्कळ उशिरा, १८९१ च्या सुमारास. विद्वत्ता, सेवा, त्याग यांतले काहीच आपल्याला देवापुढे उभे करू शकत नाही, हे त्यांना उमगले ते तेव्हा. म्हणजे या लूथरपंथी नसलेल्या मराठी बाईने लूथरचा अनुभव आपल्या वाटेने गाठला.

पण त्या अनुभवाचा परिणाम रमाबाईंच्या शारदासदनावर झाला. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या वचनावर चालविलेल्या त्या संस्थेत रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या, काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. पालकांचा संशय मला समजू शकतो, कारण आश्रयाला आलेल्या मुलीच्या मनावर आश्रयदात्याचे वजन किती पडते हे उघड आहे. आणि रमाबाईंची अडचणही समजू शकते, कारण जिला कृपा सापडली तिने दार लावून घ्यावे हे तिच्याने झाले नसते. येथे कोणाच्या बाजूने निवाडा द्यावा हे मी अनेकदा मनाशी घोळविले आहे. मला श्वार्ट्झचे उदाहरण अधिक सुरक्षित वाटते आणि रमाबाईंचे अधिक जिवंत. एवढ्यावर मी येऊन थांबतो.

१९९९ च्या ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्ग येथे लूथरपंथी जागतिक संघाने व रोमन कॅथलिक मंडळीने नीतिमत्त्वाच्या सिद्धांतावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि साडेचारशे वर्षांचे परस्परांवरील शाप त्या घोषणेत मांडलेल्या एकमेकांच्या शिकवणीला आता लागू पडत नाहीत असे जाहीर केले. तो मसुदा मी दोनदा वाचला. त्यात शब्दांची पारख फार काळजीपूर्वक केलेली आहे, पण मुलांविषयी त्यात मला काही सापडले नाही. आणि आग्रिकोलाने जो प्रश्न मुलींच्या शाळेत बसून विचारला, तो अजून त्याच जागी आहे असे वाटले. त्याचे उत्तर मला अखेर मिळाले ते लघु प्रश्नोत्तरावलीच्या क्रमात नव्हे, तिच्या चौथ्या भागात. लूथरने तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा हट्टाने राखला, आणि त्याच्या सिद्धांताचा सर्वात थोर पुरावा माझ्या दृष्टीने हाच आहे. जे मूल काही म्हणू शकत नाही, काही कबूल करू शकत नाही, ज्याच्याकडून एकही ओळ पाठ म्हणवून घेता येत नाही, त्याला हातात घेऊन नाव दिले जाते. पुस्तकात आज्ञा आधी येतात हे खरे, पण पुस्तक उघडण्यापूर्वीच मूल पाण्यातून बाहेर आलेले असते.

त्या शुक्रवारनंतरच्या पाठाला मी वही बाजूला ठेवली आणि कपाटातून तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढला. नगरच्या मंडळीचा शिक्का, पाळकांची तिरपी सही, आणि घडीच्या जागी विरत चाललेला कागद. तिचे वय त्या दिवशी चाळीस दिवसांचे होते आणि ती सबंध उपासनाभर झोपली होती, हे मी तिला सांगितले. तिने दाखल्यावरचे आपले नाव दोनदा वाचले, तो उजेडापुढे धरून पाहिला, आणि विचारले, “मी झोपले होते तरी चाललं?” चालले, असे मी म्हणालो. मग ती काही वेळ गप्प बसली. बाहेर शेजारच्या मशिदीतून इशाची अजान सुरू झाली आणि संपली. आणि मग तिने आपणच वही ओढून घेऊन ज्या आज्ञेपाशी ती अडली होती ते पान उघडले.